पुळणीतल्या विहिरीत वाळू आणि कमी पाणी: दोन्हींचा एकत्र इलाज

चैत्र सरत आला की किनाऱ्यालगतच्या वाड्यांतून दोन तक्रारी जोडीने येतात. पाणी कमी येतंय, आणि जे येतं त्यात वाळू आहे. उपायही बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो: अर्ध्या एचपीचा पंप काढून एकचा बसवायचा, नाहीतर विहीर आणखी चार फूट खाली न्यायची. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूच्या पट्ट्यावर, हे दोन्ही उपाय दुखणं वाढवतात. विहीर जेवढं पाणी देते त्याहून जास्त वेगाने पंप ओढत असतो आणि दोन्ही तक्रारी तिथूनच निघतात. आतली पातळी झपाट्याने खाली गेली की बाहेरचं पाणी तळातून जोराने आत शिरतं आणि येताना वाळूचे कण उचलून आणतं. ते कण तळाशी बसतात, विहीर उथळ होते, साठा घटतो. मग पंप आणखी लवकर हवा घेतो, पुन्हापुन्हा बंद-चालू करावा लागतो आणि प्रत्येक चालू करण्यात थोडी वाळू नव्याने सुटते.

इथे जी विहीर उदाहरणाला घेतली आहे ती दापोली तालुक्यातल्या किनाऱ्याजवळच्या एका आगरातली. आतला व्यास सहा फूट, वरचा भाग चिऱ्याचा, खाली सिमेंटची कडी (गोल रिंगा) उतरवलेली. घरची माणसं पाच, सोबत नारळ-सुपारीचं शिंपण. पंप एक एचपीचा, काठावर बसवलेला मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला). नागाव-आक्षीपासून गुहागरपर्यंत आणि खाली तारकर्ली-देवबागपर्यंत पुळणीवरच्या घरगुती विहिरी थोड्याफार अशाच. रहाटाच्या काळात त्यांना वाळूचा असा त्रास नव्हता, कारण रहाट सावकाश ओढतो.

मोजमापाला काही महागडं लागत नाही. सुती दोरी ओली झाली की आखडते, म्हणून नायलॉनची घ्यायची, तिला फुटाफुटावर खुणा करायच्या आणि टोकाला स्टीलचा छोटा पेला पालथा बांधायचा. पेला पाण्याला टेकला की ‘डुब्’ असा स्पष्ट आवाज येतो. तीच पातळी. कठड्यावर एक जागा रंगाने खूण करून ठेवायची आणि प्रत्येक माप तिथूनच घ्यायचं. नाहीतर कठड्याच्या उंचसखल काठामुळे तीन-चार इंचांचा फरक पडतो आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो. दुसऱ्या दोरीला जड लोखंडी वजन बांधून तळ मोजायचा. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर पातळी भरती-ओहोटीबरोबर थोडी हलते, म्हणून उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवशीचं माप भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवशीच्या मापाशी ताडू नये. भरतीची वेळ मापाशेजारी लिहून ठेवली की पुरतं.

रात्रभर पंप बंद ठेवून सकाळी घेतलेली मापं अशी होती: पाणी खुणेपासून १३ फुटांवर, तळ साडेसोळा फुटांवर. पाणी साडेतीन फूट. सहा फुटी विहिरीत एक फूट पाणी म्हणजे २८.३ घनफूट, साधारण ८०० लिटर, म्हणजे एकूण साठा २८०० लिटरच्या आसपास. (चार फुटी विहिरीत फुटाला ३५५ लिटर, आठ फुटीत १४२० लिटर.) फूट व्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतून पाणी ओढणाऱ्या (सक्शन) पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, तळाच्या वाळूपासून जेमतेम नऊ इंचांवर लोंबत होता. हे एक माप घेतल्यावरच अर्धं निदान झालं.

यानंतर पंप चालू करून पाणी मोजायचं. पण टाकीच्या तोंडाशी मोजू नये. पंपाच्या बाहेरच, व्हॉल्व्हजवळचा जोड सोडून २० लिटरच्या बादलीत मोजायचं. टाकीपर्यंतच्या पाइपात वाळू साचलेली असते, फ्लोट व्हॉल्व्ह अर्धवट अडकलेला असतो, नळाच्या जाळीत कण भरलेले असतात, आणि या सगळ्याचा दोष विहिरीच्या माथी मारला जातो. इथे बादली सुरुवातीला १७ सेकंदांत भरली, म्हणजे ताशी ४२०० लिटर. पंप उत्तम होता. अर्ध्या तासाने धार फुटायला लागली, पेल्याने पातळी पाहिली तर फूट व्हॉल्व्हच्या अगदी वर. पंप चालू असताना पातळी घसरते आणि पाणी कमी होतं, तर अडचण विहिरीत आहे. पातळी हलत नाही तरीही पाणी कमी, तर अडचण पंपात किंवा पाइपात. हा एक फरक कळल्याशिवाय खिशात हात घालू नये.

वाळू कधी येते हेही बघायचं. पांढऱ्या बादलीत पहिल्या मिनिटाचं पाणी, दहा मिनिटांनंतरचं आणि बंद करण्याआधीचं, असे तीन नमुने घेऊन दहा मिनिटं निवळू द्यायचे, मग बादली हलकेच गोल फिरवायची. वाळू मधोमध गोळा होते. फक्त सुरुवातीला आली आणि मग थांबली, तर तळाच्या वाळूत कणांच्या कमानी झालेल्या असतात आणि पंपाच्या पहिल्या हिसक्याने त्या मोडतात. पाणी सारखं एकाच दिशेने ओढलं जात असलं की अशा कमानी पुन्हापुन्हा बांधल्या जातात. शेवटी शेवटी आली तर पातळी फार खाली जाते आहे. सतत येत असेल तर कड्यांचा सांधा उघडला आहे किंवा बोअरमधली जाळी फाटली आहे. फक्त पावसाळ्यात येत असेल तर ती बहुधा वरून, ओट्याच्या भेगेतून धुऊन येते. आपल्या विहिरीत सुरुवातीला आणि शेवटी येत होती, मध्ये पाणी स्वच्छ.

कण हातात घेऊन पाहिले की ते कुठून आले तेही उमगतं. शिंपल्यांचा चुरा असलेल्या वाळूवर संडास साफ करायच्या अॅसिडचा एक थेंब टाकला की फेस येतो. ती पुळणीची, म्हणजे तळातून आलेली. रत्नागिरीच्या आसपास काळी, जड वाळू सापडते, तिच्यात इल्मेनाइट हे जड खनिज असतं. ती बादलीत सर्वांत आधी तळाला बसते. तांबूस, बोटांत चुरडणारे कण जांभ्याचे, म्हणजे बांधकामाचा चिरा झिजतो आहे. बुळबुळीत तपकिरी साका म्हणजे लोहजिवाणू, त्याचा इलाज वेगळा. किती वाळू चालते? अनेक सबमर्सिबल पंपांच्या पुस्तिकेत मर्यादा हजार लिटरमागे ५० ग्रॅम दिलेली असते. २० लिटरच्या बादलीत ती एक ग्रॅम भरते, चिमूटभर. बादलीच्या तळाशी चमचाभर वाळू दिसत असेल तर पंपाचे इंपेलर (आतली पाणी फेकणारी चक्रं) झिजतायत असं खुशाल समजावं.

आता विहीर किती देते ते. पंप बंद केल्यावर पेला सोडून पाणी किती चढतं ते तासाभराने पाहायचं. इथे पहिल्या तासात नऊ इंच चढलं, म्हणजे ताशी ६०० लिटर. पुढच्या तासात त्याहून कमी, आणि ते बरोबरच आहे, कारण आतली आणि बाहेरची पातळी जवळ आली की झरा मंदावतो. पंप ओढतो ४२००, विहीर देते ६००. पंप वाढवून काय साधणार?

उलट गरजेचा हिशेब मांडला की विहीर इतकी गरीब वाटत नाही. घरात माणशी १३५ लिटर धरले तरी पाच माणसांना पावणेसातशे लिटर. मोठ्या नारळाला उन्हाळ्यात दिवसाला ४०-५० लिटर धरा, वीस झाडांचे हजार लिटर. सुपारीचं शिंपण त्यावर. ताशी नुसते २५० लिटर चोवीस तास मिळाले तरी सहा हजार होतात. सहा हजार लिटर पाणी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या धसमुसळ्या उपशाने निघत नाही, सावकाश उपशाने निघतं.

पंपाच्या बाजूची तपासणी इथे लागली नाही, पण ज्यांची पातळी हलत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिलिव्हरी (पंपातून टाकीकडे जाणाऱ्या) पाइपावर व्हॉल्व्हच्या आधी प्रेशर गेज लावा आणि व्हॉल्व्ह पाच-सात सेकंदच पूर्ण बंद करा. गेजवर एक किलो म्हणजे दहा मीटर. त्यात पाण्याच्या पातळीपासून गेजपर्यंतची उंची मिळवा आणि पंपाच्या पाटीवरच्या कमाल हेडशी (पंप पाणी जास्तीत जास्त किती उंच चढवतो त्या आकड्याशी) ताडा. चौथाई कमी भरलं तर इंपेलर झिजले आहेत, नाहीतर सबमर्सिबल असेल तर विहिरीच्या आतल्या आत पाइप गळतो आहे. काठावरच्या पंपात सक्शनचा सांधा सैल झाला तर पाणी बाहेर टिपकत नाही, हवा आत जाते, म्हणून गळती डोळ्यांना दिसत नाही. सांध्यावर ग्रीस थापलं आणि धार सुधारली तर दोष तिथेच. फूट व्हॉल्व्हच्या झडपेत वाळूचा एक दाणा अडकला तरी रात्रीत पाणी उतरतं आणि सकाळी प्रायमिंग (पाइपात भरून राहणारं पाणी) सुटलेलं असतं. संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर येत असेल तर आधी ते मोजा, मग पंपाला नावं ठेवा. कपॅसिटर जुना झाला की पंप नुसता गुणगुणतो.

गाळ काढण्याचं काम पाणी सर्वांत खाली असताना, एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात करायचं. कातळातली किंवा सड्यावरची (जांभ्याच्या पठारावरची) विहीर पूर्ण उपसून गाळ काढतात, तसं पुळणीत करायचं नाही. विहीर कोरडी केली की बाहेरच्या पाण्याचा सगळा दाब तळाच्या वाळूवर येतो. आत-बाहेरच्या पातळीतला फरक कड्याच्या पात्यावरच्या (सर्वांत खालच्या धारेवरच्या) वाळूच्या जाडीइतका झाला की वाळू खालून उकळायला लागते. माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, कड्याचा आधार सुटतो, एका बाजूने कडं बसतं आणि वरचा चिरा तडकतो. म्हणून आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा दीड-दोन फुटांहून जास्त खाली जाऊ द्यायचं नाही आणि वाळू पाण्याखालूनच काढायची. कंबरभर पाण्यात उभं राहून घमेल्याने वाळू बादलीत भरायची, वर कप्पीवर ओढायची. मातीकामाचा मड पंप मिळाला तर काम सोपं होतं, पण तो मिनिटाला शंभराहून जास्त लिटर फेकतो, तेव्हा त्याचं बरंचसं पाणी वाळू निवळून परत विहिरीत सोडावं लागतं. कॉम्प्रेसरने एअरलिफ्ट करायचा (पाइपात हवा सोडून पाणी-वाळू वर उचलायचा) सल्ला कुणी दिला तर तो उथळ विहिरीत चालत नाही: पाणी जेवढं वर उचलायचं त्याच्या दीडपट तरी पाइप पाण्याखाली हवा. इथे उचलायचं तेरा फूट आणि पाणी साडेतीन फूट.

उतरण्याआधी हवेची खात्री. पानं कुजलेल्या, झाकलेल्या विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. पेटता कंदील सोडून पाहण्याची पद्धत त्यापुरती बरी आहे, पण सडक्या अंड्याच्या वासाचा वायू आणि कार्बन मोनॉक्साइड कंदिलाला कळत नाहीत. कुजका वास असेल तर ब्लोअरने हवा खेळवल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. पेट्रोल किंवा रॉकेलवरचं इंजिन विहिरीत उतरवायचं नाही, काठावरही वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवायचं. त्याच्या धुराने माणसं विहिरीतच मेल्याच्या घटना दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे होतात. कमरेला पट्टा आणि दोर, वर सतत दोन माणसं. एक गुदमरला म्हणून दुसऱ्याने धावत आत उतरणं हाच यातला सर्वांत मोठा धोका.

किती खोल जायचं? कड्याच्या पात्याची खोली आधी माहीत हवी. इथे ती २२ फूट होती. पात्याच्या वर आत-बाहेरच्या पातळीतल्या फरकापेक्षा जास्त जाडीची वाळू राहू द्यायचीच, आम्ही साडेएकोणीसवर थांबलो. साडेसोळापासून तिथपर्यंत तीन फूट, म्हणजे हिशेबाने ८५ घनफूट, एका ब्रासला (शंभर घनफुटांना) थोडी कमी. प्रत्यक्षात निघणारी वाळू यापेक्षा जास्तच असते, कारण कडेने आणि खालून ती आत येत राहते. वर काढलेली वाळू एका जागी ढीग करून मोजत जायचं. हिशेबाच्या दीडपट झाली आणि तळ तेवढा उतरलेला नसेल तर तिथेच थांबायचं. ती जादा वाळू कड्यांच्या मागून आलेली असते. मागे पोकळी होते आणि पहिल्या पावसात ओटा खचतो.

वाळू काढल्यानंतर तळ उघडा सोडला तर पुढच्या उन्हाळ्यात तो परत भरलेला सापडतो. म्हणून उलटी गाळणी: खाली बारीक, वर जाड. जमिनीतून वर चढणाऱ्या पाण्याने वाळूचा कण उचलला तरी तो पहिल्या थरात अडकला पाहिजे, पहिल्याचे दाणे दुसऱ्यात अडकले पाहिजेत. एका थराचे दाणे खालच्या थराच्या चार-पाचपट जाड असले की हे जमतं, आणि पाण्यालाही वाट राहते. पुळणीची वाळू साधारण पाव ते अर्धा मिलिमीटरची असते. तिच्यावर नदीची जाड वाळू, दीड-दोन मिलिमीटरची. त्यावर सहा ते दहा मिलिमीटरची बारीक खडी. सर्वांत वर चाळीस मिलिमीटरची काळी खडी. प्रत्येक थर सहा इंच. सहा फुटी विहिरीत एका थराला १४ घनफूट लागतात, तिन्ही मिळून ४२, म्हणजे अर्ध्या ब्रासच्या आतच. खर्च या मालाचा फारसा नाही, धुण्याचा आहे. क्रशरची भुकटी लागलेली खडी तशीच टाकली तर ती भुकटी खाली उतरून पहिला थरच बुजवते, म्हणून बारदानावर पसरून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची. जांभ्याचे तुकडे वापरू नयेत, पाण्यात राहून ते झिजतात आणि पाण्याला लोहाची चव येते. वरून फेकायचं नाही. पाण्यातून पडताना जाड दाणे आधी आणि बारीक नंतर पोहोचतात, थर उलटसुलट होतो. बादली तळापर्यंत नेऊन ओतायची आणि पायाने सारखं करायचं. थरांमध्ये मच्छरदाणी किंवा जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड) घालायची टूम अलीकडे निघाली आहे. लोहाच्या पाण्यात त्याची छिद्रं बुजतात आणि मग सगळी गाळणी उकरावी लागते. आम्ही घालत नाही.

गाळणीनंतर तळ १८ फुटांवर आला, पाणी पाच फूट. दीड फूट खडीच्या वजनाने वाळूही दबून राहते.

कड्यांचे सांधे त्याच वेळी पाहायचे. पाण्याच्या वरच्या सांध्यांत लवकर घट्ट होणारं सिमेंट भरायचं. खालच्या कड्यांना पाझरासाठी मुद्दाम ठेवलेली भोकं बुजवायची नाहीत. त्यातून वाळू येत असेल तर भोकात बाहेरच्या बाजूला सहा-दहाची खडी ठासायची. ओट्याला बाहेरच्या बाजूने उतार हवा, आणि रहाटाच्या खांबाजवळची भेग हमखास राहून जाते, तीही भरा.

पंपाच्या बाबतीत फुकट उपाय आधी करावा. साधा सेंट्रिफ्यूगल पंप असेल तर डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह अर्धा बंद करा. पाणी कमी होतं, करंटही कमी होतो, मोटरीला काही होत नाही, फक्त पूर्ण बंद ठेवून चालवायची नाही. बाजारात मिळणारे अर्ध्या एचपीचे छोटे सेल्फ-प्रायमिंग पंप मात्र बहुतेक पेरिफेरल जातीचे (दातेरी चक्राचे) असतात. त्यांचा व्हॉल्व्ह बंद करत नेला की करंट उलट वाढतो, आणि चक्र व आवरण यांत जागाच इतकी कमी असते की थोड्या वाळूतही ते लवकर निकामी होतात. वाळूच्या विहिरीला हा पंप घेऊच नये. आहे तोच वापरायचा असेल तर टी लावून थोडं पाणी परत विहिरीत सोडा, भिंतीवरून ओघळेल असं, तळ ढवळेल असं नाही.

एक एचपीचा पंप उतरवून अर्ध्याचा सेंट्रिफ्यूगल बसवला. पाण्यापासून टाकीपर्यंतचा चढ आणि पाइपातलं घर्षण धरून हेड १४ मीटरच्या घरात होतं, त्या हेडला व्हॉल्व्ह आवळून ताशी दीड हजार लिटर ठेवले. फूट व्हॉल्व्ह साडेसोळा फुटांवर, म्हणजे खडीपासून दीड फूट वर. पातळी साडेपंधरावर आली की फ्लोट स्विच पंप बंद करतो, त्यामुळे फूट व्हॉल्व्हवर कायम फूटभर पाणी राहतं. नाहीतर भोवरा होऊन हवा शिरते. पंप दर दहा मिनिटांनी चालू-बंद होईल असा टायमर लावू नका. मंद आणि लांब उपसा हवा, सकाळी तास-दीड तास, संध्याकाळी तेवढाच, शिंपणाला रात्री वेगळा. ओपनवेल सबमर्सिबल असेल तर तो थेट खडीवर न ठेवता चिऱ्याच्या चौथऱ्यावर दीड फूट उंच ठेवा. आणि ड्राय-रन रिले (पाणी संपलं की मोटर बंद करणारा) बसवा, तो जळालेल्या मोटरीपेक्षा स्वस्त पडतो.

पहिले काही दिवस थोडी वाळू येते, गाळणी बसते आहे तोवर. टाकीत ती जाऊ नये म्हणून २०० लिटरचा पिंप मध्ये लावायचा. पाणी मधोमध उभ्या पाइपाने पिंपाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत न्यायचं, बाहेर वरच्या काठाशी काढायचं, तळाला दीड इंची व्हॉल्व्ह. दीड हजार लिटरच्या वेगाला पिंपात पाणी सेकंदाला दीड-दोन मिलिमीटरने वर चढतं, आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा कण सेकंदाला सात-आठ मिलिमीटरने खाली बसतो, म्हणून वाळू खालीच राहते. चिकणमातीला हे लागू नाही. दोन मायक्रॉनचा कण एक मीटर खाली जायला तीनेक दिवस घेतो, त्यासाठी तुरटी. आंब्याच्या ठिबकाला लावतात तो हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा) घरगुती विहिरीलाही चालतो, पण त्यावर लिहिलेल्या प्रवाहाइतकं पाणी आलं तरच. कमी वेगाला पाणी आत गरगर फिरत नाही आणि वाळू सरळ पुढे जाते. त्याच्या पुढे १२० मेशची, म्हणजे साधारण १२५ मायक्रॉनची जाळी. फक्त जाळीच लावली तर ती रोज धुवावी लागते आणि न धुता राहिली की पुन्हा पाणी कमी.

खोल करण्याचा आग्रह का मोडून काढतो तेही सांगायला हवं. पुळणीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्याची घनता १.०००, समुद्राच्या पाण्याची १.०२५, यातून हिशेब असा निघतो की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली ४० फुटांपर्यंत ते टिकतं. उलट वाचा: उपसून पातळी कायमची एक फूट उतरवली तर खारं पाणी ४० फूट वर येऊ पाहतं. देवबागसारख्या, एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या चिंचोळ्या पट्टीवर तर याला फार जागाच नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरने उपशाच्या सुरुवातीला आणि अखेरीला आकडा घ्या. सारखा राहिला तर ठीक. अखेरीला वाढत असेल तर खालून खारं वर येतं आहे, उपसा आणखी मंद करा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस लिटरला ५०० आणि क्लोराइड २५० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तर अनुक्रमे २००० आणि १०००. पाणी कमीच पडत असेल तर पुळणीवर एक खोल विहीर पाडण्यापेक्षा अंतर ठेवून दोन उथळ विहिरी बऱ्या. किनारा नियमन क्षेत्रात भूजल उपशावर बंधनं आहेत, तेव्हा नव्या कामाआधी ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

माणसं आत उतरली, खडी टाकली, म्हणून शेवटी क्लोरिन. पाच फूट पाणी म्हणजे चार हजार लिटर, लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरिनसाठी ३३ टक्क्यांची ब्लिचिंग पावडर ६०० ग्रॅम, २५ टक्क्यांची असेल तर ८००. उघड्या पुडीतली जुनी पावडर निकामी असते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी भिंतींवरून ओतायचं, घरातल्या प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पंप चालवायचा आणि बारा तास तसंच ठेवायचं. मग ते पाणी उपसून टाकायचं, सुपारीच्या रोपांना घालायचं नाही. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर पुरे.

सड्यावरच्या बोअरचं दुखणं निराळं. तिथे वरती जांभा, त्याखाली पांढरट-पिवळी चिकणमाती आणि मग काळा कातळ. केसिंग (बोअरच्या वरच्या भागातला पाइप) पक्क्या कातळात न बसवता चिकणमातीतच सोडलं असेल तर पावसानंतर पाणी दुधी येतं आणि मोटर गाळात रुतते. बोअर १६५ मिलिमीटरची असेल तर आतून १४० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी लायनर पक्क्या कातळात निदान दहा फूट उतरवतात, खालची फट पॅकरने किंवा सिमेंटने बंद करतात, आणि भोकं फक्त पाण्याच्या भेगेसमोर पाडतात. स्वस्त म्हणून ११०चा पाइप टाकला तर व्ही-४ (चार इंची बोअरचा) पंप त्यात जात नाही, गेलाच तर अडकून बसतो. तिथे व्ही-३ (तीन इंची) घ्यावा लागतो.

पुन्हा आपल्या पुळणीतल्या विहिरीकडे: गाळणी बसल्यावर, पातळी तेवढीच उतरवली असता, पहिल्या तासाचा झरा नऊ इंचांवरून चौदा इंचांवर गेला, म्हणजे ताशी ९०० लिटरच्या वर, आणि बादलीत चिमटीपेक्षा कमी वाळू. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते, घरच्या विहिरीलाही तेच महिने सोयीचे. पातळी, तळ आणि तासाचा झरा, एवढे तीन आकडे. तळ अर्ध्या फुटाहून जास्त वर आला तर कड्याचा सांधा पाहा. तळ जागेवर आहे पण झरा मंदावला, तर खडीवर लोहजिवाणूंचा साका बसला असणार. वर सांगितलं तसं क्लोरिन टाकून, बादली तळाशी वरखाली आपटून खडी ढवळून घ्या आणि ते पाणी उपसा. तळही तोच, झराही तोच, फक्त पातळीच खाली, तर उपशाची वेळ कमी करून जून गाठायचा.